झोपेचं सोंग

किनवटच्या पुढं डांबर संपलं
तेव्हा विरूनं आरशात मागं पाहिलं,
जसे अण्णा पाहायचे
लेकरं मागच्या सीटवर असताना.
आता मागच्या सीटवर आम्ही.
मधे धपाट्यांचा डबा, ह्यांच्या गोळ्यांची पिशवी
आणि नंदाचा गुडघा.

सुना नकोत, जावई नको, नातवंडंसुद्धा नकोत,
एकदा नुसते आपण पाच, हे विरूचंच डोकं.

वनखात्याची दोन खोल्यांची झोपडी. मधे फळ्यांची भिंत.
चौकीदार आत्राम म्हणाला, लाइट नऊपर्यंत,
पाणी हौदातलं,
रेंज पाहिजे असंल तर टेकाडावर, त्या वारुळापाशी.
मी पिशव्या उतरवेस्तोवर तिघं वर पोचली,
फोन उंच धरून वारुळाभोवती फिरत राहिली
पंचमीच्या बायकांसारखी.

दुपारी ओढ्यापाशी मन्मथ म्हणाला, अण्णा, हात धरा.
ह्यांनी हात मागं बांधले.
एकतीस वर्षं एस.टी. चालवली म्हणाले,
बालाघाटातली वळणं मला विचार.
आणि दगडावरून घसरले.
थोडंच. धोतर भिजलं एवढंच.
पण कुणी हसलं नाही,
तेच मला कसंसं झालं.

रात्री सतरंजीवर
मन्मथ भिंतीकडून, नंदा मधे, विरू दाराशी.
कुणी सांगितलं नव्हतं,
तरी लातूरच्या खोलीतली तीच रांग लागली.
पाय तेवढे आता उंबऱ्याला टेकतात.

नऊला लाइट गेली.
बाहेर सागाचं पान पडलं,
पंगतीत कुणी पत्रावळ टाकावी तसं.
मग फळ्यांपलीकडून कुजबुज.

अण्णांना रात्री दिसत नाही नीट.
आई न्हाणीत पडली होती, कडगंचे काकू म्हणाल्या.
पुण्याला नेऊ. माझ्याकडं लिफ्ट आहे.
लिफ्ट आहे, खोली कुठं आहे तुझ्याकडं?
मग सहा महिने तू, सहा महिने मी.
ते काय कॅनॉलचं पाणी आहेत,
पाळी लावायला? ही नंदा. तिचा आवाज जरा चढला.
हळू. जागी होतील.

मी श्वास मोजून सोडला. आत. बाहेर.
लातूरला आम्ही असंच बोलायचो,
कॉलेजची फी, सोसायटीचं कर्ज,
नंदाला शिकवायचं का उजवायचं,
आणि चटईवर तिघांचे श्वास एकदम एकसारखे व्हायचे.
झोपलेलं लेकरू इतकं नीट झोपत नसतं.
मला कळायचं.
तरी मी बोलत राहायची. कुणाशी बोलणार होते दुसरं?

रजईत ह्यांचा अंगठा माझ्या पायाला लागला.
जागी हायेस का, असा.
मी पाय हलवला नाही.
तर ह्यांनी घोरायला सुरुवात केली.
बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा खोटं.
खऱ्याला शेवटी शिट्टी असते.

पलीकडं सगळं गप्प झालं.
मग नंदा फिसकन हसली, तोंडावर पांघरूण घेऊन.
तिच्यापासून कधी काही लपलं नाही.
बऱ्याच वेळानं ते हसणं
रडण्यासारखं ऐकू आलं,
का सागाचंच पान असंल.

सकाळी तोंडातून वाफा. चुलीचा धूर चहात.
मन्मथनं विचारलं, झोप लागली का गं आई?
लागली की. मेल्यावानी.
तो कपाकडं पाहत राहिला.

निघताना अण्णांनी हात पुढं केला.
किल्ली दे. डांबरापर्यंत मी.
तिघांनी एकमेकांकडं पाहिलं.
तेवढ्यात हात तसाच राहिला, हवेत, जरा थरथरत.
विरूनं किल्ली दिली.

मी पुढं बसले.
ह्यांनी आरसा दोनदा सरळ केला, चष्मा पुसला,
एस.टी.ला घालायचे तसा धाडकन पहिला गिअर घातला
आणि मागं पाहिलं.
मीही पाहिलं.
तिघं अंग चोरून, गुडघे हनुवटीपर्यंत,
डोळे मिटून बसली होती.
श्वास अगदी नीट.

खड्डा आला. तो ह्यांनी चुकवला.
पुढचा नाही.